तीन नंबरच्या आया

आमच्याकडे माशांना आया म्हणतात. सगळ्यांना नाही, तीन नंबरच्या टाकीतल्या चाळीस जणींनाच. बाकीच्या तळ्यांमध्ये आहेत ते नुसते मासे.

या चाळीस जणी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, अकरा वर्षं निवडून निवडून जमवल्या होत्या. दर खेपेला शंभरातल्या दोन-तीन ठेवायच्या, त्यांच्या पिल्लांतून परत दोन-तीन. लवकर वाढणाऱ्या, अंगानं रुंद, आणि पिल्लं न गिळणाऱ्या. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तिलापियाची मादी अंडी तोंडात घेते, तिथंच उबवते, पिल्लं पोहायला लागली तरी काही दिवस त्यांना तोंडातच घेऊन फिरते. तेवढे दिवस ती स्वतः अन्नाचा कण घेत नाही. एखादी घाबरट निघते. सावली पडली की पिल्लं थुंकते, नाहीतर गिळून मोकळी होते. बाबा तिला ठेवत नसत.

दुसऱ्या ठिकाणी दर आठवड्याला माद्या धरून त्यांची तोंडं रिकामी करतात. अंडी काढून बरणीत फिरवत ठेवली की जास्त पिल्लं मिळतात. बाबांना ते मान्य नव्हतं. "आईच्या तोंडातून ओढून काढायचं नाही. ती सोडेल तेव्हा घ्यायचं," एवढंच म्हणायचे. जाळी शिवायला येणाऱ्या मावशी त्यावरून त्यांची चेष्टा करत. "दादांच्या राज्यात बाळंतिणीला विचारल्याशिवाय पाळणासुद्धा हलत नाही. आमच्या वेळी कुठं होतात हो तुम्ही?"

दुसरा नियम लाल टबाचा. तळ्यातली एखादी तरुण मादी आयांमध्ये घ्यायची ठरली, तर आधी दहा दिवस तिनं लाल टबात राहायचं. या टबातल्या माशांना आम्ही पाहुण्या म्हणायचो. त्यांची जाळी वेगळी, बादली वेगळी. दहा दिवसांत काही दुखणं असेल तर दिसतं, नसेल तर मग तीन नंबरला. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा दूध कुठं ठेवतात हे कळायच्या आधी मला लाल टब कळला होता.

आणि तो नियम मीच मोडला.

त्याचं असं झालं. बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्यातही मोतीबिंदू होताच, त्याची पाळी नंतर. एक डोळा पट्टीखाली आणि दुसऱ्यात धुकं. डोळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर पाणी नको, धूळ नको, वाकणं नको. म्हणजे नेमकं जे ते दिवसभर करत तेच सगळं नको. नवरा पिल्लांचा टँकर घेऊन दूरच्या गिऱ्हाइकांकडे, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. राहिलो सासूबाई आणि मी. आमची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. गोल, गुळगुळीत आणि कुठूनही कशीही धरली तरी हातात बसणारी, म्हणून तिला सगळे बटाटा म्हणत. सासूबाईंनी बटाटा सांभाळायचा आणि मी टाक्या, अशी वाटणी झाली. बाबा टाक्यांच्या शेडबाहेर खुर्ची टाकून बसत आणि तिथून हुकूम सोडत.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी दोन नंबरच्या तळ्यातून अकरा पाहुण्या काढून लाल टबात ठेवल्या. त्या बाबांनी आधीच हेरून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये आले तर अकराही जणी पाण्याच्या वर तोंड काढून होत्या. नळाच्या धारेखाली गर्दी करून, ओठ उघडमीट, उघडमीट. कल्ल्यांची झाकणं भराभर हलत होती.

मासे वर येऊन तोंड वासतात ते पाण्यातली हवा संपली की. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी टबातला हवेचा पंप बघितला. चालू होता, पण तो लहान. बुडबुडे जरा अशक्त वाटले. तेवढ्यात घरातून बटाट्याचा आवाज सुरू झाला. भुकेचा आवाज निराळा असतो, तो कानात नाही, छातीत ऐकू येतो. माझा कुडता पुढून ओला झाला. सासूबाई हाका मारत होत्या, "अगं, येतेस ना? लाल झालीय रडून."

सगळ्यात मोठा पंप तीन नंबरला होता. तिथलं पाणी उकळल्यासारखं दिसायचं, इतकी हवा. मी जाळी घेतली आणि अकराच्या अकरा उचलून तिकडे सोडल्या. दोन मिनिटंही लागली नसतील. सोडल्यावर थांबून बघितलं. त्या खाली गेल्या, कल्ले जरा सावकाश हलायला लागले, आयांच्या घोळक्यात मिसळल्या. मला बरं वाटलं. आपण वेळेवर आलो असं वाटलं. लाल टबाचा पंप बंद केला आणि धावत सुटले.

जाताना बाबांनी खुर्चीतून विचारलं, "पाहुण्या कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं. दहा दिवस झाल्यावर सांगू, असं मनात म्हटलं. तोवर सांगून काय, उगाच जिवाला घोर लावून घेतील, डोळ्यावर ताण नको. मी स्वतःला किती समजूतदारपणे फसवत होते.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग हळूहळू आयांनी खाणं कमी केलं. सकाळी दाणे टाकले की आधी पाणी फुटायचं, इतक्या तुटून पडायच्या. आता पाच-सहा जणी खाली कोपऱ्यात राहायच्या. मग दहा. मग पंधरा. दुसऱ्या कुठल्याही टाकीत मासे असे खायचे थांबले असते तर मी घाबरले असते. इथं मात्र मला आनंद झाला. आई खात नाही म्हणजे तिच्या तोंडात पिल्लं आहेत. आमच्याकडे आया मोजतात त्या अशाच, कोण खात नाही यावरून.

"बाबा," मी एका सकाळी सांगितलं, "सव्वीस जणी भरल्यात."

"किती?"

"सव्वीस. दोनदा मोजल्या."

त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. चाळिसातल्या पंधरा-सोळा एका वेळी भरल्या तरी ते खूष असत. "मी बसलो खुर्चीत आणि त्यांना ऊत आला," ते म्हणाले. "बघ, मलाच भ्यायच्या त्या." दिवसभर येईल त्याला हे सांगत होते. मावशींना दोनदा सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग पट्टी काढूच नका आता. आम्हालाही बरं, जाळ्याची गाठ चुकली तरी दिसणार नाही." बाबा मोठ्यानं हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

त्यानंतर चौथ्या दिवशी एक मादी तरंगताना सापडली. ती अकरातली एक होती. चाळिसातली नव्हे, म्हणून मी कुणाला न सांगता ती पुरून टाकली. दोन दिवसांनी दोन गेल्या, त्यातली एक आई. तिचं तोंड मी उघडून बघितलं. पिल्लं नव्हती. अंडीही नव्हती. आत पांढुरका चिकट द्रव होता, अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, आणि तो कल्ल्यांमधून आला होता.

तेव्हा कुठं मी डोळे उघडून टाकीकडे बघितलं. काही जणी अंगानं काळवंडल्या होत्या. काही सिमेंटच्या कडेवर गाल घासत होत्या. एक-दोघींचं कल्ल्याचं एका बाजूचं झाकण उघडंच राहिलं होतं, कपाटाचं दार नीट लागू नये तसं. हवा तर मुबलक होती. पंप धो धो चालला होता. आणि त्या श्वासासाठी तडफडत होत्या.

मासेडॉक्टर दुसऱ्या दिवशी आल्या. माझ्याच वयाच्या असतील, स्कूटरवर पुढे लाकडी पेटी, त्यात सूक्ष्मदर्शक. मी आदल्या दिवशी मेलेली मादी बर्फात घालून ठेवली होती, ती पुढे केली. त्यांनी बघितलीही नाही.

"मेलेली नको, ताई. मासा मेला की कल्ल्यांतले किडेही उतरून जातात. जिवंत द्या. सगळ्यात आजारी दिसते ती."

मी एक काढून दिली. त्यांनी कल्ल्याचं झाकण वर केलं आणि बारीक कात्रीनं आतला एक तुकडा कापला. नखाएवढा. पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवला, वर दुसरी काच. मग स्वतः बघून मला म्हणाल्या, "या, बघा."

चांगला कल्ला मी पूर्वी बघितला होता. लाल, आणि बारीक दातांच्या फणीसारखा, प्रत्येक दात सुटा. या फणीचे दात सुजले होते. टोकाला गाठी, मध्ये फिकट, आणि एकाला एक चिकटलेले, ओल्या केसांची बट व्हावी तसे. त्यात काहीतरी हलत होतं. लांब व्हायचं, आखडायचं, मान वळवायचं. डोक्यावर चार काळे ठिपके. मी मोजायला लागले आणि तेराला थांबले, अजून अर्धाही तुकडा झाला नव्हता.

"मागच्या टोकाला आकडे असतात," डॉक्टर म्हणाल्या. "ते रुतवून बसतात. मग जखम होते तिथं शरीर कातडी जाड करतं. चिकट सोडतं. स्वतःला वाचवायला. आणि हवा आत घ्यायची ती नेमकी तिथूनच. जाड झालं की हवा जाईना."

"म्हणजे पाण्यात हवा आहे."

"भरपूर आहे. त्यांना घेता येत नाही."

बाबा खुर्ची ओढत शेडच्या दारापर्यंत आले होते. "औषध?" त्यांनी विचारलं.

"फॉर्मालिनची आंघोळ आहे, काका. किडा मरतो त्यानं. पण खरं सांगते, फॉर्मालिन पाण्यातली हवा ओढतं आणि कल्ल्यांना झोंबतं. धडधाकट मासा सहन करतो. हे कल्ले असे झालेत. यातल्या कितीजणी आंघोळीतून बाहेर येतील ते मी नाही सांगू शकत."

"नाही दिली तर?"

"मग सांगू शकते. आठ-दहा दिवसांत सगळ्या."

डॉक्टरांनी वही काढली. "यांच्यात बाहेरचं काही आलं होतं का? महिनाभरात?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा ताठ झाला. "लाल टबात दहा दिवस काढल्याशिवाय इथं काही येत नाही. अकरा वर्षांत नाही आलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना काय माहीत. त्या लिहीत होत्या. मला त्या वेळी बोलता आलं असतं. मी जाळीची दांडी पुसत बसले. डॉक्टर म्हणाल्या, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत आंघोळ घालू, औषध घेऊन येते. आणि गेल्या.

बाबांच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असत. ते काम माझ्याकडे. दुपारी त्यांना पलंगावर आडवं केलं, पट्टी उचलली. ऑपरेशन झालेला डोळा लाल, ओला आणि अगदी उघडा, छताकडे लागलेला. माणूस असा पडला की त्याच्या तोंडावर वाकून बोलावं लागतं. मी बाटली उलटी धरली.

"बाबा, त्या लाल टबात राहिल्या नव्हत्या. एक रात्र फक्त. सकाळी तोंड वासत होत्या, मला वाटलं हवा कमी पडतेय. मी त्यांना तीन नंबरला सोडलं."

थेंब पडला. त्यांनी पापणी मिटली नाही. दुसरा पडला तेव्हा मिटली.

"माहीत आहे," ते म्हणाले.

मी बाटलीला टोपण लावलं.

"त्या दिवशी लाल टबाचा पंप बंद झाला. मला खुर्चीत ऐकू येतो तो. मग वाटलं, ही काहीतरी बघून करत असेल. बघणारी ती आहे, मी कोण." थेंब गालावरून कानाकडे ओघळला, मी तो पुसला. "विचारायला पाहिजे होतं मी. आणि तू सव्वीस म्हणालीस, तेव्हा तरी विचारायला पाहिजे होतं. सव्वीस कधी होतात का. पण इतकं गोड वाटलं ना ऐकायला."

"माझं चुकलं, बाबा."

"डॉक्टरांना फोन कर. दोन नंबरचं तळं सांग. तिथली पिल्लं कुणाकुणाकडे गेली असतील."

ते भिंतीकडे वळून झोपले. झोपले नसतील. बाहेर सासूबाई बटाट्याला आरशात दुसरी बटाटा दाखवत होत्या आणि ती खिदळत होती. मी फोन लावला. डॉक्टर रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. तुमच्या जागी मीही हवेलाच आधी धावले असते."

सकाळी मोठी निळी टाकी आंघोळीसाठी भरली. तोपर्यंत चाळिसातल्या चौतीस उरल्या होत्या, पाहुण्यांतली एकही नाही. औषधाआधी डॉक्टर म्हणाल्या, "तोंडं रिकामी करावी लागतील. पिल्लं तोंडात ठेवून औषधात घातली तर ती थुंकेल, आणि पिल्लं औषधात भाजतील. बाहेर काढली तर निदान त्यांचं वेगळं बघता येईल."

मी बाबांकडे बघितलं. त्यांना दिसत नव्हतं मी बघतेय ते, पण त्यांनी मान हलवली.

"हिची बोटं बारीक आहेत," ते म्हणाले. "हिला करू द्या."

डॉक्टरांनी दाखवलं. मादीला डोकं खाली करून परातीतल्या पाण्यात धरायचं, अंगठ्यानं खालचा जबडा हलकेच दाबायचा, आणि पाण्यात पुढे-मागे हलवायचं. तोंडातून पाणी फिरलं की पिल्लं आपोआप बाहेर येतात. मावशी एकेक मादी जाळीत आणून देत होत्या. एरवी त्यांचं तोंड एक क्षण बंद नसतं. त्या दिवशी म्हणाल्या फक्त, "ही घे, पोरी," आणि, "ही घे."

पहिल्या सहांच्या तोंडात काहीच नव्हतं. सातवीच्याही नाही. सव्वीस जणी भरल्यात म्हणून मी सांगितलं होतं, त्या नुसत्या आजारी होत्या, घास गिळायचं बळ नव्हतं म्हणून खात नव्हत्या. शेवटी खरोखर भरलेल्या नऊ निघाल्या. नऊ जणींनी त्या तसल्या कल्ल्यांनिशी, श्वास पुरत नसताना, तोंड बंद ठेवलं होतं.

एक तर उघडेचना. बाबांच्या जुन्यांपैकी होती, पाठीवर एक वाकडी रेघ, मी तिला ओळखत होते. अंगात ताकद नव्हती, हातात धरल्यावर शेपूटसुद्धा मारली नाही, पण जबडा दगडासारखा.

"जोर लावा," डॉक्टर म्हणाल्या.

"लावतेय."

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"उघडत नाही, बाबा."

"कुठली आहे?"

"वाकड्या रेघेची."

ते म्हणाले, "ती नाही उघडणार. तू उघड."

मी उघडलं. दोनशेएक पिल्लं बाहेर आली, भाताच्या शितापेक्षा लहान, अर्धी डोळेच. ती परातभर पसरली आणि मादी माझ्या हातात रिकामं तोंड चघळत राहिली. आत अजून पिल्लं आहेत असं समजून ती त्यांना फिरवत होती.

दहा-बारा जणींची एकेक तुकडी करून आंघोळ घातली. पाऊण तास ठेवायची. पहिल्या तुकडीत बाराव्या मिनिटाला तिघी आडव्या झाल्या. डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या. आता बाहेर काढल्या तर किडा मरत नाही, ठेवल्या तर या मरतात. त्यांनी ठेवल्या. मोठा पंप तिथंच लावला होता, दुसराही लावला. पाण्यावर नुसता फेस.

बाबा खुर्ची टाकीला टेकवून बसले होते. "मला सांगत राहा," ते म्हणाले. "काय दिसतं ते. सगळं सांग."

मी सांगत राहिले. तिघी आडव्या. चौथी गोल फिरतेय. दोघी नळापाशी. चौथी आता उलटी झाली. वाकड्या रेघेची तळाला आहे, बसून आहे, कल्ले हलताहेत. मावशी मध्येच शेडबाहेर गेल्या आणि नाक शिंकरून परत आल्या. विसाव्या मिनिटाला बटाटा रडायला लागली. सासूबाई तिला घेऊन दारात आल्या, आत आल्या नाहीत. मी तिथंच पायरीवर बसून तिला पाजलं आणि पाजता पाजता सांगत राहिले. पाच आडव्या. सहा.

दुपारपर्यंत चौतिसातल्या अकरा राहिल्या. संध्याकाळी सात. दुसऱ्या दिवशी सकाळी चार होत्या, त्यांत वाकड्या रेघेची नव्हती. ती औषधातून धड बाहेर आली होती, ताज्या पाण्यात सोडल्यावर पोहलीही होती. मग केव्हा गेली ते कुणी बघितलं नाही. चारांपैकी एकीनंही दाणा घेतला नाही. डॉक्टर म्हणाल्या की कल्ले भरून यायला महिना लागेल, आले तर, आणि असल्या आया पुन्हा अंडी धरतीलच असं नाही.

म्हणजे राहिली ती पिल्लं. नऊ जणींची, दोन हजारांच्या आतबाहेर. अकरा वर्षांमधलं जे काही शिल्लक होतं ते सगळं आता एका पसरट टबात होतं, शेडच्या दुसऱ्या टोकाला, नव्या जाळीनं झाकलेलं. कुणी हात साबणानं धुतल्याशिवाय तिकडे जात नव्हतं. बाबा तर गेलेच नाहीत. दारातून विचारायचे.

पिल्लं दिसायला छान होती. दाण्याची भुकटी टाकली की तिला तोंड लावत. मी डॉक्टरांना तसं सांगितलं.

"दिसण्यावर नाही ना आता जाता येत," त्या म्हणाल्या. "यांचे कल्ले बघायला हवेत. दहा द्या."

"द्या म्हणजे?"

"एवढ्याशा पिल्लाचा कल्ला जिवंतपणी कापता येत नाही, ताई."

मी चहाची गाळणी घेतली. पिल्लं उचलायला आम्ही तीच वापरतो. टबावर वाकून बघायला लागले. हे जरा हळू आहे, ते द्यावं. हे कडेला पडलंय.

"निवडू नका," डॉक्टर मागून म्हणाल्या. "निवडून दिलेल्यांवरून काही कळत नाही. डोळे मिटून घाला."

मी डोळे मिटले आणि गाळणी फिरवली. बारा आली. गाळणी जरा कलती केली, निसटायची ती दोन निसटली, उरलेली दहा दिली.

डॉक्टर एकेक काच लावत होत्या. पहिली. दुसरी. प्रत्येकीनंतर "नाही," असं म्हणत होत्या, आपल्याशीच. पाचवी, नाही. सातवीपर्यंत मला माझ्या पायांखाली जमीन आहेसं वाटायला लागलं होतं. आठव्या काचेवर त्या थांबल्या. भिंग फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"एक आहे," त्या म्हणाल्या.

"एकच?"

"एकच. पण आहे."

नववी, दहावी कोरी निघाली.

"निघालं का काही?" दारातून बाबांचा आवाज आला. पट्टी त्या दिवशीच कायमची काढली होती, काळा चष्मा होता. इतक्या लांबून त्यांना आमचे नुसते आकार दिसत असणार. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"दहातल्या एकावर एक," मी म्हणाले.

"म्हणजे दोन हजारांत दोनशे."

"हो, बाबा."

"आंघोळ?"

"हलकी देता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "वीस मिनिटं. पण किड्याची अंडी औषधानं मरत नाहीत. चार-पाच दिवसांत फुटतात, मग पुन्हा द्यावी लागेल. आणि पिल्लं एवढीशी आहेत. कल्ले आत्ता कुठं तयार होताहेत. टिकतीलही. पहिलीतच सगळी जातील असंही होऊ शकतं."

"नाही दिली तर?"

"एकाचे दहा व्हायला आठवडा पुरतो."

बाबा चौकटीला हात लावून उभे होते. इतकी वर्षं त्या शेडमध्ये काय करायचं ते त्यांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"तू काय म्हणतेस?" त्यांनी मला विचारलं.

मला काही माहीत नव्हतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं आणि त्या तसं सांगतही होत्या. टबात पिल्लं भुकटीमागे धावत होती.

"देऊया," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा.

डॉक्टरांनी औषध मोजलं, बादलीत पातळ केलं, आणि टबाच्या कडेकडेनं सोडायला लागल्या. मी दुसरा पंप सरकवून दिला. औषध पोचलं तशी पिल्लं सैरावैरा झाली. थोडा वेळ नुसते ठिपके इकडून तिकडे. मग ती गोळा व्हायला लागली, एका जागी, घट्ट, जिथं माझी सावली पाण्यावर पडली होती तिथं.

"अंधार दिसला की तिकडे जातात," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "त्यांना ते आईचं तोंड वाटतं."

मी जरा सरकले तर ती सगळी सरकली. मग मी हलले नाही. घरात बटाटा रडायला लागली, सासूबाईंनी एक हाक मारली, दुसरी मारली नाही. बाबा दारातून विचारत होते, काय दिसतंय, आणि मी वाकल्या वाकल्या त्यांना सांगत होते, पोहताहेत बाबा, अजून पोहताहेत. एक तळाला गेलं. आता दोन. बाकीची पोहताहेत.